रेशमाचा धागा घेतला, किड्याचं काय?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या रविवार पुरवणीत कीटकांच्या शेतीवर लेख आला होता. युरोपीय संघाने 2021 साली वाळवलेल्या पिवळ्या मीलवर्म अळीला अन्न म्हणून मान्यता दिली, सिंगापूरने 2024 साली 16 जातींच्या कीटकांना परवानगी दिली, अशी माहिती त्यात होती आणि ती नीट होती. पण सोबतच्या चित्रात ताटात झुरळ आणि समोर नाक दाबून बसलेला माणूस होता. नंतर वाचकांची पत्रं आली, तीही त्याच सुराची. आमच्या घरी पेपर मोठ्याने वाचायची सवय आहे. अकरावीतल्या मुलीने ती पत्रं वाचली, पेपरची घडी घातली आणि म्हणाली, “आई, मग आपण काय पाळतो?”

तिला त्या वेळी नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून हे पत्र लिहिते आहे. लांबलं तर सांभाळून घ्यावं.

मी बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातली, रेशीम करणारी शेतकरी बाई. 2016 साली आम्ही दीड एकर कपाशी मोडून तुती लावली. पन्नास बाय वीसचं शेड आहे, ठिबक आहे, वर्षाला पाच बॅच निघतात. एका बॅचला 200 अंडीपुंज घेतो, म्हणजे दोनशे मादी पतंगांनी घातलेली अंडी, त्यातून ऐंशी हजारांच्या वर अळ्या. चॉकी सेंटरवरून, म्हणजे लहान अळ्या वाढवून देणाऱ्या केंद्रावरून, त्या दोन काती टाकून येतात तेव्हा जेमतेम बोटाच्या पेराएवढ्या असतात. अठरा-वीस दिवसांत अळी करंगळीएवढी होते. एका पूर्ण बॅचला तीन टनांच्या आसपास पाला लागतो आणि त्यातला बहुतेक शेवटच्या सात-आठ दिवसांत संपतो. त्या दिवसांत आमच्या घरात कुणी लग्नाला जात नाही, कुणी आजारीही पडत नाही. पहाटे पाला, दुपारी पाला, रात्री पाला. मग अळ्या पिकतात, अंगातून पिवळसर उजेड जातोय असं दिसायला लागतं, त्या खायचं सोडतात आणि चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणायच्या जाळीवर, चढून कोष विणतात.

‘किडे म्हणजे घाण’ असं ज्यांनी लिहिलं त्यांना शेडातली स्वच्छता सांगते. बॅच यायच्या आधी शेड ब्लीचिंगने धुऊन घ्यायचं, रॅक वाळवायचे. शेडाच्या चपला वेगळ्या. दारात चुना पसरलेला असतो, त्यात पाय देऊनच आत यायचं. हात धुतल्याशिवाय पाल्याला हात लावायचा नाही. अळ्या कातीवरून उठल्या की आधी जंतुनाशक पावडर धुरळायची, मग पाला. एखादी सुस्तावलेली, फुगलेली अळी दिसली तर ती चिमट्याने उचलून ब्लीचिंगच्या पाण्यात टाकायची, कारण ग्रासरी हा अळीचा रोग, तो एका कोपऱ्यात आला की दोन दिवसांत सगळा रॅक घेतो. माझ्या माहेरी म्हशी होत्या, चार वर्षं मी धारा काढल्या आहेत. गोठ्यात एवढी शिस्त मी कधी पाहिली नाही.

आणि या जिवाचा नाजूकपणा सांगते. तिसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये शेजारच्या कपाशीवर फवारणी झाली. वारा आमच्या तुतीकडे होता. आम्हाला कल्पना नव्हती, संध्याकाळी तोच पाला कापून घातला. पहाटे चार वाजता मी बॅटरी घेऊन शेडात गेले, तर अळ्या डोकं वर करून हलवत होत्या, तोंडातून हिरवं पाणी येत होतं, अंग आखडलं होतं. पाचव्या अवस्थेतली, कोषावर यायला तीन दिवस राहिलेली बॅच होती. दुपारपर्यंत सगळं संपलं. खड्डा खणून, चुना टाकून पुरलं. शेजाऱ्यावर माझा राग नाही. त्याचं पीक त्याला वाचवायचं होतं, आणि आता तो फवारणीच्या आदल्या दिवशी फोन करतो. पण तेव्हापासून गावातल्या कुणी विचारलं की विषमुक्त शेती कोण करतं, तर मी सांगते, आम्ही करतो, आम्हाला दुसरा इलाजच नाही. आमच्या पाल्यावर औषध पडलं तर आमचं जनावर त्याच रात्री सांगतं.

आता मूळ मुद्द्यावर येते. कोष हातात घेतला की तो हलका, कापसासारखा लागतो. कानाशी धरून हलवला की आत खुळखुळतं. ब्लेडने टोक कापलं की आत तपकिरी, चकचकीत, शेंगदाण्याच्या मोठ्या दाण्याएवढा प्यूपा, म्हणजे रूप बदललेली अळी, असतो, आणि हातावर घेतला तर तो शेपटाकडून हळूच वळवळतो. बाजारात आम्ही विकतो तो कोष यासकट. त्याच्या वजनात रेशमाचं कवच वीस-बावीस टक्के, बाकी सगळा प्यूपा. म्हणजे मी दीडशे किलो कोष जालन्याला नेले तर त्यातला एकशे सतरा-वीस किलो माल हा किडा असतो. त्यात तीन चतुर्थांश पाणी. वाळवून एकोणतीस-तीस किलो उरतो. वर्षाच्या पाच बॅचचा हिशेब एकशे चाळीस किलोच्या वर जातो. सुक्या प्यूपात निम्म्याहून जास्त प्रथिन असतं. निम्मंच धरू. सत्तर किलो. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिन धरलं तर साडेअकरा हजार अंड्यांइतकं प्रथिन माझ्या दीड एकरातून दरवर्षी बाहेर जातं, आणि माझ्या पावतीवर त्याचा वेगळा उल्लेख कुठेच नसतो. भाव ठरतो तो कवचावर आणि धाग्याच्या लांबीवर.

2018 साली जालन्याला कोषांची बाजारपेठ सुरू झाली हे आमच्यासाठी फार मोठं काम झालं. त्याआधी आम्ही कर्नाटकात रामनगरला जायचो, गाडीत रात्रभर कोषांवर हात ठेवून, आत गरम होतंय का बघत. आता सकाळी निघून संध्याकाळी घरी येतो. या बाजाराच्या निमित्तानेच मी एकदा धागा काढण्याचं युनिट पाहिलं. कोष आधी गरम हवेने सुकवतात, मग उकळत्या पाण्यात शिजवतात, धाग्याचं टोक सापडलं की चरख्यावर ओढतात. पाण्यात कोष नाचत नाचत पातळ होतो आणि शेवटी आतला प्यूपा दिसायला लागतो. धाग्याकडे बघून माझं मन भरून आलं. माझ्या वावरातला पाला असा चमकताना मी पहिल्यांदा पाहिला.

युनिटच्या मागच्या बाजूला मात्र ढीग होता. ओले प्यूपे, त्यावर माश्या, आणि वास असा की पदर नाकाला लावावा लागला. तिथल्या बाईने सांगितलं की अधूनमधून एक माणूस टेम्पो घेऊन येतो आणि पोत्याच्या हिशेबाने उचलून नेतो, आला नाही तर खड्ड्यात टाकतात. मी त्या युनिटला नावं ठेवत नाही. वाळवायला जागा नाही, यंत्र नाही, आणि घेणाऱ्याचा भरवसा नाही, तर ते काय करणार?

घरी येऊन हे जेवताना सांगितलं. इथे मला माझ्या सासऱ्यांविषयी लिहायलाच हवं. आम्ही त्यांना मामा म्हणतो. त्यांच्या गळ्यात पन्नास वर्षांची माळ आहे, कोरोनाची दोन वर्षं सोडली तर आषाढीची वारी चुकलेली नाही. आम्ही रेशीम धरलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं होतं, या जिवांचं पुढं काय होतं? मी खरं सांगितलं. पहिली पूर्ण बॅच ते शेडात आले नाहीत. दुसऱ्या बॅचला मजूर मिळेना, मी आणि नवरा दोघेच रात्री पाला ओढत होतो, तेव्हा ते न बोलता आले आणि काड्या पसरायला लागले. तेव्हापासून शेडाचं तापमान त्यांच्याकडे आहे. पण मनातली टोचणी गेलेली नव्हती. मी ढिगाचं सांगितलं तेव्हा हातातला घास त्यांनी ताटात ठेवला. म्हणाले, “जीव घेतोच आपण, ते माझ्याच्यानं थांबत नाही. पण घेतलेला जीव असा उकिरड्यावर? हे काही बरं नाही.”

संपादक महोदय, कीटक खाणं पाप की पुण्य यावर ज्यांनी पत्रं लिहिली त्यांच्यापुढे मला मामांचा हा प्रश्न ठेवायचा आहे. रेशमी साडी, पैठणी, देवाचं सोवळं आपल्याला हवं असतं. त्यासाठी किडा मरतोच. त्याचं शरीर सडू देणं आणि ते कोंबडीच्या, माशाच्या किंवा ज्यांना चालतं त्या माणसाच्या पोटात जाणं, यांतलं शुद्ध काय आहे?

मामांच्या बोलण्यानंतर मी प्रयोग केला. आमच्या घरात माळ आहे म्हणून कोंबड्या नाहीत, पण माझी जाऊ पलीकडच्या वस्तीवर वेगळी राहते, तिच्याकडे वीस-बावीस गावरान कोंबड्या आहेत. युनिटमधून ओल्या प्यूपांच्या दोन गोण्या आणल्या. रात्र झाली होती, सकाळी वाळत घालू म्हणून गोण्या ओट्यावर ठेवल्या, आणि ती चूक मोठी होती. सकाळी गोणीला हात लावला तर आत गरम, प्यूपे काळे पडलेले, पाणी सुटलेलं. गल्लीत वास गेला. सगळं खड्ड्यात घातलं. प्यूपात तेल भरपूर असतं, सुकलेल्या मालात पंचवीस-तीस टक्क्यांपर्यंत, आणि ते लवकर खवट होतं. दूध नासतं तसंच हे आहे, काही तासांच्या आत वाळवलं नाही तर माल गेला. सडलेला माल कोंबडीलाही घालू नये, माणसाने तर हातही लावू नये.

दुसऱ्या खेपेला पहाटे आणले आणि सरळ पत्र्यावर एका थरात पसरले. एप्रिलचं ऊन होतं. दुपारी एकदा उलथले, संध्याकाळपर्यंत बोटाने दाबल्यावर कुरकुर वाजायला लागले. दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन दिलं. मग जात्यावर भरडले. जावेने मक्याच्या भरड्यात मिसळून घातले. कोंबड्या डब्याचा आवाज ओळखायला लागल्या. पण तीन आठवड्यांनी ती अंडं घेऊन आली आणि म्हणाली, “बाई, याला वास येतोय बघ.” खरंच येत होता, माशासारखा. प्यूपा जास्त झाला होता. मग प्रमाण उतरवलं, दहा मुठी भरड्याला एक मूठ, आणि वास गेला. तिचं विकतच्या खाद्याचं पोतं महिन्याचं दीड महिना पुरायला लागलं. हा काही शास्त्रीय प्रयोग नव्हे, वहीत लिहिलेली नोंद आहे. पण आमच्याकडे परभणीला कृषी विद्यापीठ आहे, तिथे रेशमावर संशोधन चालतं. गावरान कोंबडीला किती, माशाला किती, तेल काढून पेंड दिली तर किती, एवढं तपासून एका पानाची पुस्तिका छापली तर पंचवीस गावांना उपयोग होईल.

आता माणसाच्या खाण्याविषयी. मी स्वतः खाल्लेलं नाही आणि खाईन असं वाटत नाही. ज्याचं मन घेत नाही त्याच्या ताटात कुणी काही वाढू नये. पण 2019 साली म्हैसूरला रेशमाच्या प्रशिक्षणाला गेले होते, तिथे आसामच्या बायकांशी ओळख झाली. त्या एरी किडा पाळतात. तो एरंडाचा पाला खातो, त्याचं नावच त्यांच्या भाषेतल्या एरंडावरून पडलं आहे. त्याचा कोष एका टोकाला उघडा असतो, त्यामुळे आतला किडा काढून घेतात आणि कोष कापसासारखा कातून सूत करतात. आतला किडा ते आवडीने खातात, कांदा-मिरचीवर परतून किंवा बांबूच्या आंबवलेल्या कोंबासोबत. एकीने मला सांगितलं की त्यांच्या कितीतरी घरांत आधी किड्याचा विचार होतो, धागा नंतर. माझ्या डोक्यात तोवर उलटंच होतं. ती बाई टापटीप, तिच्या हाताने विणलेली एरीची शाल अंगावर, आणि ती आमच्या ज्वारीच्या भाकरीचा तुकडा मोडून चवीने खात होती. तिला आमचं अन्न विचित्र वाटलं असेल, पण तिने चेहरा वाकडा केला नाही. कोरियात तर आमच्याच तुतीच्या रेशीमकिड्याचे प्यूपे उकडून रस्त्यावर विकतात, डब्यात बंद करून दुकानातही ठेवतात. बोंदेगी म्हणतात त्याला.

इतक्या लांब कशाला जायचं? गडचिरोलीत, भामरागडकडे माडिया लोक झाडावरच्या पानांच्या घरट्यांतल्या लाल मुंग्या अंड्यांसकट काढून मीठ-मिरचीबरोबर वाटतात. त्या चटणीचा आंबटपणा मुंगीच्या आम्लाचा. पलीकडे बस्तरमध्ये तेच खातात, ओडिशात मयूरभंजच्या अशाच चटणीला 2024 च्या जानेवारीत भौगोलिक मानांकन मिळालं. तिकडच्या चटणीला असा मान मिळाला, आणि आपल्याकडे? माझी पुतणी त्या भागात शाळेत शिकवते. तिने सांगितलं, एका मुलीने घरून ती चटणी आणली होती. बाहेरून आलेली दोन पोरं ‘मुंग्या खाते, मुंग्या खाते’ म्हणून ओरडली. त्या मुलीने पुढचे कित्येक दिवस डबा बाकाखाली धरून, हाताने झाकून खाल्ला. पुरवणीतलं ते चित्र बघून मला हीच मुलगी आठवली. मोठ्या माणसांचा पेपर तिच्याही शाळेत जातो.

मध आपण देवाला वाहतो, तो कीटकाचाच. औषधाच्या गोळ्यांवर, चॉकलेटच्या दाण्यांवर जी चकाकी असते ती पुष्कळदा लाखेची असते, आणि लाखही किड्याचीच. हे मी कुणाला कोंडीत पकडायला लिहीत नाही. फक्त एवढंच की कीटकाशी आपलं नातं इतकं परकं नाही.

जगाच्या अन्नाचा प्रश्न किड्यांनी सुटेल असंही मी म्हणत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 2013 साली यावर मोठा अहवाल काढला होता. 1,900 हून जास्त जातींचे कीटक जगात खाल्ले जातात, सुमारे 200 कोटी लोकांच्या जेवणात ते असतात, असा अंदाज त्यात आहे. थायलंडमध्ये तेव्हा वीस हजारांच्या आसपास शेतकरी नाकतोड्यासारखे रातकिडे पाळत होते. सिमेंटच्या कड्यांत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे करायचे, दीड महिन्यात माल तयार. ते लहान शेतकऱ्याला जमणारं आहे. उलट फ्रान्समध्ये अळ्यांचा प्रचंड कारखाना उभारणारी एक मोठी कंपनी 2025 साली दिवाळखोरीच्या कारवाईत सापडली. गव्हाचा कोंडा विकत घ्यायचा, वीज जाळून ऊब द्यायची आणि मग सोयाबीनच्या पेंडीशी भावात टक्कर द्यायची, हे सोपं नाही. म्हणून आमच्या भागात कुणी ‘अळीपालनातून लाखो कमवा’ म्हणत आगाऊ पैसे मागायला आलं, तर शेतकऱ्याने आधी विचारावं, विकत कोण घेणार आणि कागदावर लिहून देणार का. इमू पक्ष्यांचं काय झालं ते आपण विसरलेलो नाही.

आमच्या प्यूपाची गोष्ट यापेक्षा वेगळी आहे. त्याचा पाला, मजुरी, शेड यांचा खर्च धाग्याने आधीच भागवलेला असतो. एक किलो कोषाला वीस-बावीस किलो पाला लागतो. तेव्हा नुसत्या प्रथिनासाठी कुणी रेशीमअळी पाळणार नाही, ते परवडणार नाही. पण जे तयार होतंच आहे ते फेकू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

यावर माझा भाऊ चिडला होता. तो केज तालुक्यात सोयाबीन करतो. 2021 साली सोयाबीन क्विंटलला दहा हजारांवर गेलं होतं, आणि कोंबडीखाद्य महागलं म्हणून ऑगस्टमध्ये केंद्राने 12 लाख टन पेंड आयातीला परवानगी दिली. काढणीच्या तोंडावर भाव पडले. तो म्हणाला, “ताई, तू पण माझ्याच पोटावर पाय देतीस का?” मी त्याला कागदावर हिशेब करून दाखवला. 2023-24 साली देशात 38,900 टनांच्या आसपास कच्चं रेशीम झालं. एका किलो रेशमामागे सुका प्यूपा साधारण दोन किलो. सगळा देशाचा माल, एक दाणा वाया न घालवता, गोळा केला तरी पाऊण लाख टनांच्या थोडा वर. त्या एका आयातीच्या पंधरा-सोळाव्या हिश्शाइतका. सोयाबीनचं काही बिघडत नाही. पण ज्या तालुक्यात रेशीम आहे तिथल्या गावरान कोंबड्या आणि शेततळ्यातले मासे यांना त्यातून आधार मिळू शकतो. तो हिशेब त्याने खिशात घातला. पटलं असं म्हणाला नाही.

मला काय हवं ते स्पष्ट लिहिते. धागा काढणाऱ्या प्रत्येक युनिटजवळ प्यूपा त्याच दिवशी वाळवायची सोय व्हावी. आमच्या मराठवाड्यात ऊन आहे, सौर वाळवणी यंत्रं आहेत, आणि बचत गटाच्या बायका आहेत ज्या पापड-कुरडया वर्षानुवर्षं वाळवत आल्या आहेत. रेशमाला तुती लावण्यापासून शेडापर्यंत अनुदान मिळतं, रोजगार हमीतून मजुरी मिळते, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. त्याच साखळीत वाळवणीचा ओटा बसवायला फार पैसे लागणार नाहीत. बाजार समितीत कोषाच्या भावाच्या फलकाशेजारी सुक्या प्यूपाचाही भाव लिहावा. एकदा भाव फलकावर आला की माल उकिरड्यावर जात नाही.

माणसाच्या खाण्यासाठी प्यूपा विकायचा असेल तर अन्न सुरक्षेचे नियम आधी ठरावेत, घाईने काही होऊ नये. कीटकनाशकाचा अंश किती चालेल, वाळवून किती दिवसांत वापरावा, आणि ज्यांना कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी आहे त्यांना कीटकांचीही होऊ शकते, तेव्हा पाकिटावर ते मोठ्या अक्षरांत छापलेलं असावं. नियम नसतात तेव्हा माल चोरून विकला जातो, आणि मग एखाद्याला विषबाधा झाली की सगळ्या धंद्याचं नाव जातं. शाळेतल्या पोषण आहारात हे घालावं असं मी मुळीच म्हणत नाही. ज्यांच्या घरात परंपरेने खातात त्यांना स्वच्छ, तपासलेला माल मिळावा आणि त्यांनी तो उजळ माथ्याने खावा.

आपल्या पेपरकडून एक मागणं आहे. तुमच्या बातमीदाराला आणि ते चित्र काढणाऱ्या चित्रकारालाही आमच्याकडे पाठवा. सध्याची बॅच तिसऱ्या कातीवर बसली आहे, आजपासून बाराव्या-तेराव्या दिवशी चंद्रिका पडतील. तेव्हा यावं, म्हणजे अळी कोष विणताना दिसेल. पहिले काही तास कोषाच्या आत तिचं डोकं फिरताना दिसतं, मग दिसेनासं होतं. येताना खिशात तंबाखू नको, अंगाला अत्तर नको, अळीला दोन्ही सोसत नाही. चपला बाहेर काढून चुन्यात पाय द्यावे लागतील. जेवण घरीच आहे, भाकरी, पिठलं आणि मिरचीचा ठेचा. मामा वारीहून आलेले असतील, शेडातल्या तापमानाची वही तेच दाखवतील.

आपली,
एक रेशीम उत्पादक शेतकरी
ता. गेवराई, जि. बीड
(घरच्या मंडळींच्या इच्छेनुसार नाव छापू नये. पत्ता स्वतंत्र कागदावर जोडला आहे.)